तक्रार बुधवारी नाही, शनिवारीच झाली

प्रश्न : मी कराडची, निवृत्त शिक्षिका. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी रात्री मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीच्या नावाने ईमेल आला. वर्गणी जमा झाली नाही, २४ तासांत कार्डाची माहिती भरा, नाहीतर खातं बंद होईल, असं त्यात होतं. मी क्रेडिट कार्डाची माहिती भरली, ओटीपीही टाकला. लगेच २४,९९० रुपये गेले. शनिवारी सकाळी पावणेसातला ४१,३०० आणि रविवारी रात्री ६३,७५० रुपये परदेशी साइटवर गेले. त्यांचा ओटीपी आलाच नाही. बुधवारी शाखेत अर्ज दिला. बँकेचं उत्तर असं, की माहिती तुम्हीच दिलीत, शिवाय पाच दिवसांनी कळवलंत, म्हणून सगळी रक्कम तुमच्यावर. पोलीस ठाण्यात सायबर शाखेकडे जा म्हणाले. मला १,३०,०४० रुपये भरावेच लागतील का? त्या कंपनीवर दावा करता येईल का?

उत्तर : बाई, तुमची फसवणूक झाली हे मला पटवून द्यायची काही गरज नव्हती. पत्राची अडीच पानं तुम्ही त्यातच घालवलीत, आणि ज्या एका गोष्टीवर हे प्रकरण उभं राहणार किंवा पडणार, ती पत्रात नाहीच. ती मला सापडली तुम्ही पाठवलेल्या अकरा फोटोंपैकी नवव्यात. सोललेल्या मटारच्या वाटीशेजारी ठेवलेला मोबाइल, त्यावर बँकेचा एसएमएस. वेळ शनिवार, सकाळी १०:१७. आपली विनंती नोंदवली आहे, आणि पुढे एक आकडी क्रमांक.

मी फोन करून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "हो, केला होता की फोन. पण त्या मुलीने शाखेत लेखी द्या म्हटलं, म्हणून तो काही मी धरला नाही."

तुम्ही धरला नाहीत, बँकेने तर त्याहून धरला नाही. मी मात्र तोच धरून बसणार आहे.

अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी कुठवर, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं. त्याचा आधार घेऊनच प्रत्येक बँकेचं ग्राहक-जबाबदारीचं धोरण असतं. तुमच्या बँकेचं सध्याचं धोरण तिच्या संकेतस्थळावर असेल, ते छापून घ्या. त्यात ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं एक कलम आहे. पिन, ओटीपी वगैरे ग्राहकाने स्वतः दिलं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. बँका हे वाक्य इथवरच वाचून दाखवतात. पुढचा अर्धा भाग असा, की कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं.

म्हणजे सगळा प्रश्न 'कळवलं कधी' एवढाच. कळवणं म्हणजे शाखेत जाऊन, शिक्का मारून अर्ज देणं, असं त्या परिपत्रकात कुठेही नाही. उलट बँकेने चोवीस तास फोन, एसएमएस, ईमेल, संकेतस्थळ, टोल-फ्री क्रमांक असे मार्ग उघडे ठेवायचे, तक्रार आली की तिचा दिवस आणि वेळ नोंदवायची, क्रमांक द्यायचा, आणि पुढचे व्यवहार थांबवायला ताबडतोब पावलं उचलायची, हे सगळं बँकेवर टाकलेलं आहे. तुम्हाला क्रमांक मिळाला, वेळ मिळाली. तिसरा व्यवहार त्यानंतर साधारण दीड दिवसाने झाला. ते ६३,७५० रुपये माझ्या मते बँकेचे.

आता माझी चिडचिड. बुधवारचा तुमचा अर्ज मी वाचला. अक्षर मोत्यासारखं, समास सोडलेला, आणि शनिवारच्या फोनचा त्यात एक शब्द नाही! जन्मभर मुलांना सांगितलं असेल, की प्रश्न नीट वाचा आणि उत्तरात मुद्दा आधी लिहा. बँकेने तुमचाच अर्ज तुमच्यापुढे धरून 'पाच दिवसांनी कळवलं' म्हटलं, त्यात तिची लबाडी किती आणि तुमचं मौन किती, हे सांगणं कठीण आहे.

हे 'पाच दिवस'ही बँकेने घरच्या घड्याळावर मोजलेत. परिपत्रकात मोजायचे ते कामाचे दिवस, तुमच्या शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि सूचना मिळाल्याचा दिवस सोडून. शुक्रवार सुटला, रविवार सुटला. शनिवार दुसरा किंवा चौथा असेल तर तोही सुटला. मग बुधवार तिसरा दिवस होतो, नाहीतर चौथा. पाचवा कुठल्याच हिशेबाने होत नाही. तुमच्यासारख्या प्रकरणात या मोजणीला फार वजन नाही, पण ज्या उत्तरात आकडाच चुकलाय ते किती विचार करून लिहिलं असेल, हे दाखवायला बरी आहे.

तर आज बसून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघायला नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल करा, प्रत शाखेला. पहिलंच वाक्य असं हवं : "मी शनिवारी सकाळी आपल्या ग्राहक सेवेला फोन करून अनधिकृत व्यवहार कळवले, त्याचा नोंदणी क्रमांक अमुक, वेळ १०:१७. त्यानंतर रविवारी झालेल्या ६३,७५० रुपयांच्या व्यवहाराची जबाबदारी माझ्यावर येत नाही." दुसरं वाक्य : "सदर कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं व त्याची प्रत मला द्यावी." बँका रेकॉर्डिंग कायमचं ठेवत नाहीत. लेखी मागितल्यावर ते नाहीसं झालं तर उत्तर त्यांना द्यावं लागेल. न मागता गेलं तर तुम्ही काय करणार? तुमच्या एसएमएसमध्ये फक्त 'विनंती' असं आहे, फसवणुकीचा उल्लेख नाही. बँक उद्या म्हणेल, बाईंनी सहज चौकशी केली होती. म्हणून रेकॉर्डिंग.

एक मात्र आत्ताच खरं सांगा. त्या फोनवर "कार्ड बंद नको, त्यावर मुलाचं रिचार्ज आहे" असं काही बोललात का? बोलला असाल तर माझा वरचा परिच्छेद निम्म्याने हलका होतो. तसंही बँकेच्या अॅपमध्ये कार्ड तात्पुरतं बंद करायचं बटण असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. रविवारी रात्रीपर्यंत ते कार्ड उघडं का राहिलं, हा प्रश्न बँकेला विचारताना तो तुमच्याकडेही वळणार, तयारी ठेवा.

पहिले २४,९९० रुपये विसरा, असं म्हणत नाही, पण त्यांच्यावर जीव टांगून बसू नका. ओटीपी तुम्ही टाकलाय. मधले ४१,३०० अधांतरी आहेत. ते शनिवारच्या फोनच्या आधी गेले, पण ओटीपीशिवाय, परदेशी साइटवर. परदेशी साइटला आपल्याकडचं ओटीपीचं बंधन नाही, हे खरं. पण २०२० पासून नवं कार्ड देताना परदेशी आणि ऑनलाइन वापर बंद ठेवूनच द्यावं लागतं. तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. तुमच्या कार्डावर तो कुणी, कधी, कुठून सुरू केला याची नोंद मागा. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचं ओझं परिपत्रकाने बँकेवर टाकलंय. नोंद तुमच्याच मोबाइलवरून निघाली तर ही बाजू पडेल. या रकमेबद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही. दोन्ही परदेशी व्यवहारांवर चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत मागणारा दावा, टाकायला मात्र याच ईमेलमध्ये सांगा, त्याला मुदत असते.

'ओटीपी दिला म्हणजे संपलं' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक निकाल. आसाममधल्या एका ग्राहकाने ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची होती. त्या दुकानाचा माणूस म्हणून बोलणाऱ्याने अॅप उतरवायला लावलं आणि ९४ हजारांवर रक्कम गेली. स्टेट बँक म्हणत होती, चूक ग्राहकाची. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची याचिका फेटाळली. फेटाळताना काय नोंदवलं? ग्राहकाने २४ तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. तिथे दुकानाच्या साइटवरून माहिती फुटली होती, तुमच्याकडे तसं काही दिसत नाही, म्हणून हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं समजू नका. पण शुक्रवारी रात्री ते शनिवारी १०:१७, हे तेरा तासही होत नाहीत.

बिलाचं काय? वादातली रक्कम सोडून बाकीचं वेळेवर भरा आणि तसं लिहून कळवा. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती उलट जमा करायची असते, आणि निर्णय ९० दिवसांत. त्या काळात क्रेडिट कार्डावर जादा व्याजाचा बोजा ग्राहकावर येऊ नये, असंही म्हटलंय. 'पोलीस तपास होऊ द्या, मग बघू' असं शाखेत सांगतील. दहा दिवसांची ही अट तपासासाठी थांबलेली नाही.

या ईमेलला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी तो बघतो. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर होते, कागदावर लिहायची हौस असेल तर चंडीगडच्या केंद्राला पाठवता येते, चौकशीला १४४४८. तिथे वकील लागत नाही. लागत नाही काय, चालतच नाही, तेव्हा माझी फी वाचली म्हणा. फक्त त्याआधी ग्राहक आयोगात जाऊ नका. त्याच कारणासाठी दुसरीकडे प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. पोलीस तक्रार या अडचणीत मोडत नाही. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, तो रस्ता नंतरही उघडा राहील. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लागावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात किती तारखा पडतात ते माझ्या कोटाच्या झिजलेल्या कोपरांना विचारा.

लोकपालाने नाही म्हटलं तरी जग संपत नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात लोकपालाचा नकार बाजूला ठेवून बँकेला ७६ लाखांहून अधिक रक्कम परत करायला लावली, याच परिपत्रकावर. आणि २०१३ मध्ये पुण्याच्या एका कंपनीने फिशिंग मेलला, म्हणजे तुम्हाला आला तशा खोट्या नावाच्या मेलला, उत्तर दिल्यामुळे सुमारे ८० लाख गेले, तेव्हा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी आयटी कायद्याखाली बँकेला ४५ लाख द्यायला सांगितले. बाकीचा वाटा मेलला उत्तर देणाऱ्यावर पडला. सव्वा लाखासाठी एवढं वर जायचं का, ते खर्च बघून ठरवू.

पोलिसांचं : १९३० वर फोन किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, ही पहिल्या तासाची गोष्ट. पैसे देशातल्याच एखाद्या खात्यात पडून असतील तर ते तिथे गोठवता येतात. परदेशी साइटवर खर्च झालेल्या रकमेला त्याचा फार उपयोग नाही. तरीही तक्रार करा, तिचा क्रमांक बँकेला लागतो. ठाण्यात 'इथे होत नाही' म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक, आयटी कायदा कलम ६६ ड, हे अर्जात लिहा.

कंपनीवर दावा? तिचं नाव चोरलं गेलंय, तिच्याकडून तुमची माहिती फुटल्याचा पुरावा नसेल तर तीही तुमच्याच रांगेत. तो खोटा मेल मात्र तिला जरूर पाठवा. पेपाल, नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्यांनी यासाठी 'फिशिंग' नावाचीच टपालपेटी ठेवलीय. तुमच्या कंपनीचा पत्ता तिच्या साइटवर स्वतः जाऊन शोधा, त्या मेलमधल्या दुव्यावरून नव्हे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेलाही कळवा.

आता तो मेल. तुमच्या चौथ्या फोटोत पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं आहे, अगदी मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात पत्ता आहे आणि त्यात कंपनीचं नाव सुरुवातीला, मग टिंब, मग भलतंच काहीतरी. पत्ता शेवटाकडून वाचायचा. पाकिटावर 'मुंबई गल्ली' लिहिलं म्हणून पत्र मुंबईला जात नाही. खाली जिल्हा बीड असेल तर बीडलाच जातं. दुव्यातही 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या रेघेच्या लगेच डावीकडे काय आहे तेवढं बघायचं. बँकांचे पत्ते तर आता 'बँक डॉट इन'वर संपतात, म्हणजे बँकेच्या नावाच्या मेलपुरतं काम सोपं झालंय.

फोटो पुरावा म्हणून लंगडा आहे. मूळ मेल हवा. जीमेल संगणकावर उघडून, तीन टिंबांवर दाबून 'शो ओरिजिनल'मधून तो उतरवून घ्या. तो कुठल्या सर्व्हरवरून आला ते त्यात दिसतं. नुसता फॉरवर्ड केला तर हे सगळं गळून पडतं, म्हणून उतरवलेली फाइल जोडून पाठवायची. तुम्ही म्हणता, मुलाने "घाण कशाला ठेवतेस" म्हणून तो डिलीट करायला लावला. डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो. आज तेविसावा दिवस आहे. आधी तो बाहेर काढा, बँकेची ईमेल नंतर.