वाचक विचारतात : चर्चमधली पेटी, मंदाझीचा हिशोब आणि कर्जाचा खरा दर

पूर्व आफ्रिकेतल्या चर्च आणि मशिदींच्या आधाराने चालणाऱ्या बायकांच्या बचत-कर्ज गटांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं अशा गटांचं प्रशिक्षण आणि हिशोब तपासणाऱ्यांनी लिहिली आहेत.

प्रश्न : मी बचतगटांची सहयोगिनी आहे. आपल्या गटात आणि तिकडच्या चर्चमधल्या गटात नेमका फरक काय? (सातारा)

ताई, आपला गट बँकेत खातं उघडतो आणि सहा महिन्यांनी बँकेच्या कर्जाकडे डोळे लावून बसतो. तिकडच्या गटात बँकच नसते. १९९१ साली नायजर देशात केअर या संस्थेने ही पद्धत बसवली आणि चर्चनी ती पुढे उचलली. अँग्लिकन चर्चची मदर्स युनियन ही महिला संघटना बुरुंडीत अक्षरओळख आणि बचत एकत्रच शिकवते, कारण पासबुक वाचता येत नसेल तर बाई दुसरीच्या शब्दावर विसंबून राहते.

गटात १५ ते २५ जणी असतात. बचत शेअरमध्ये, म्हणजे ठरावीक रकमेच्या भागांत मोजतात. शेअरची किंमत सुरुवातीलाच ठरते आणि दर बैठकीत प्रत्येकीने एक ते पाच शेअर घ्यायचे. आपल्याकडे सगळ्यांचा हप्ता सारखा असतो, तिथे हात आखडता असेल त्या आठवड्यात एकच शेअर घेतला तरी चालतं. पासबुकात शेअरमागे एक शिक्का उमटतो, न घेतलेल्या शेअरच्या रकान्यावर रेघ मारतात. ही रेघ मारायचं राहिलं की मागाहून शिक्का मारायला जागा मिळते आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

पैसे लोखंडी पेटीत ठेवतात. तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीच्या घरी. पेटी फक्त बैठकीत, सगळ्यांसमोर उघडते. आजारपण-मयतीचा निधी त्याच पेटीत, पण वेगळ्या पिशवीत. कर्ज स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत आणि बहुधा तीन महिन्यांसाठी मिळतं.

वर्षाअखेरी सगळं वाटून पेटी रिकामी करतात. समजा शेअर १०० शिलिंगचा (शिलिंग म्हणजे तिकडचं चलन), वीस जणींनी मिळून २,४०० शेअर घेतले. व्याज-दंड धरून पेटीत २,७६,००० जमले, तर शेअरमागे ११५ येतात. १२० शेअर घेतलेलीला १३,८०० मिळतात. केनियात शाळा जानेवारीत सुरू होतात, म्हणून वाटप डिसेंबरात ठेवलेलं बरं. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना ही वाटणी उधळपट्टी वाटते. आमच्या मते गटाचं खरं ऑडिट तेच असतं : पेटीत पैसे कमी निघाले तर त्या दिवशी लपवता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी मंदाझी, म्हणजे मैद्याचे तळलेले गोडसर पाव, विकतात. त्यांच्या चर्चशी जोडलेली एक संस्था २०,००० शिलिंग कर्ज देते आहे, 'महिना फक्त २ टक्के', दहा हप्ते. घ्यावं का? (नैरोबी)

आधी दराचं पाहू. २ टक्के 'फ्लॅट' असेल तर व्याज दहाही महिने पूर्ण २०,००० वर लागतं, मुद्दल फिटत गेलं तरी. म्हणजे व्याज ४,०००, हप्ता २,४००. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला ४१ टक्क्यांच्या वर जातो. त्यातून कर्ज देतानाच दहा टक्के सक्तीची ठेव कापली, तर हातात १८,००० येतात आणि व्याज २०,००० वरचं द्यावं लागतं. संस्थेला एकच प्रश्न विचारा : एकूण किती शिलिंग परत करायचे आणि आज हातात किती मिळणार? आकडे कागदावर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

आता धंद्याकडे वळू. भाव बदलत राहतात, इथे हिशोबापुरते धरले आहेत. दोन किलो मैद्याच्या साधारण ६० मंदाझी होतात. मैदा १८०, तीनशे ग्रॅम साखर ५०, कढईत जिरलेलं तेल ९०, यीस्ट आणि वेलची २०, कोळसा ८०, एकूण ४२०. दहा शिलिंगला एक विकली तर कागदावर ६०० आणि नफा १८०. प्रत्यक्षात पाच उरतात, चार घरची मुलं खातात. ५१ विकल्या, ५१० आले, नफा ९०. महिन्याला २६ दिवस धरले तर २,३४०. हप्ता २,४००! पहाटे चारला उठण्याची मजुरी यात धरलेलीच नाही.

म्हणजे आहे तोच धंदा चालू ठेवायला हे कर्ज पेलत नाही. रोज १२० मंदाझी तळल्या आणि उरण्या-खाण्याचं प्रमाण तेच राहिलं, तर नफा ४,६८० होईल आणि हप्ता भरून २,२८० उरतील. पण त्या कोपऱ्यावर तेवढ्या खपतात का? ते कर्ज न काढताही कळतं. दोन आठवडे तीन किलो मैदा भिजवायचा, उरलेला माल रोज मोजायचा आणि उधारी वेगळ्या पानावर लिहायची. मुलांनी खाल्लेल्या मंदाझी विक्री म्हणून लिहायच्या आणि त्यांचे पैसे घरखर्चाच्या डब्यातून धंद्याच्या डब्यात टाकायचे. प्रशिक्षणात याच गोष्टीला सगळ्यात जास्त विरोध होतो आणि हीच सगळ्यात उपयोगी पडते. खप वाढला तर मोठी कढई आणि कमी कोळसा खाणारी शेगडी यांच्यापुरतं पाच-सहा हजारांचं कर्ज गटातूनच काढावं.

कर्ज घेतलंच तर रोख घेऊ नये. युगांडात बायकांना कर्ज रोख न देता धंद्यासाठी वेगळ्या मोबाईल खात्यात दिल्यावर नफा सुमारे १५ टक्के जास्त निघाल्याचं एका अभ्यासात दिसलं. घरात नोटा दिसल्या की त्यांना वाटा फुटतात, खात्यातले पैसे तेवढे सहज कुणाला दिसत नाहीत. एम-पेसाचं (केनियातलं मोबाईलवरचं पैशांचं) खातं असलं तरी त्याचा पिन नवऱ्याला माहीत असेल तर फायदा नाही.

प्रश्न : बायबलमध्ये गरिबाकडून व्याज घेऊ नये असं आहे ना? मग चर्च व्याज कसं लावतं? आणि मुस्लिम बायकांचं काय? (अहिल्यानगर)

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात तसं आहे खरं. चर्चचे प्रशिक्षक सांगतात की गटातलं व्याज सावकाराकडे जात नाही, वर्षाअखेरी त्याच बायकांत वाटलं जातं. स्वतःच्या पेटीपुरता हा युक्तिवाद आम्हाला पटतो. बाहेरून पैसा आणून ४१ टक्क्यांनी देणाऱ्या संस्थेने तोच युक्तिवाद केला तर नाही पटत.

मुस्लिम वस्त्यांत दोन वाटा दिसतात. एक म्हणजे सोमाली बायकांची हगबद, म्हणजे आपली भिशीच : सगळ्यांनी सारखं भरायचं आणि दर वेळी एकीने उचलायचं. दुसरी मुराबहा. समजा शिलाई मशीन २५,००० चं आहे. संस्था ते आधी स्वतः विकत घेते आणि नफा उघड सांगून बाईला २८,००० ला, २,८०० च्या दहा हप्त्यांत विकते. हप्ता चुकला तरी किंमत वाढत नाही. बिघडतं ते इथे : संस्था मशीन घेण्याचे कष्ट टाळते, बाईच्या हातात रोख देते आणि कागदावर मुराबहा लिहिते. मग ते व्याजी कर्जच झालं, आणि गावातल्या इमामांना ते कळलं की पूर्ण गट मोडतो.

प्रश्न : यातून गरिबी हटते का? (पुणे, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी)

नुसत्या कर्जाने नाही. २०१५ मध्ये छोट्या कर्जांवरचे सहा देशांतले अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले, त्यांत इथियोपिया होता आणि आपलं हैदराबादही. परिणाम थोडेसे चांगले निघाले, कायापालट कुठेच नाही. प्रशिक्षणाचंही तसंच. टोगोत हिशोब-जाहिरात शिकवणाऱ्या नेहमीच्या वर्गाचा फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. मात्र पुढाकार घेणं, संधी शोधणं, अडथळ्याची आधी तयारी करणं यांवर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने नफा सरासरी ३० टक्के वाढला. वर्गातल्या सगळ्या जणी टोमॅटो विकायला बसणार असतील तर वहीखाते शिकून काय होणार, हे यावरून समजावं.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) महिला मंडळाने दोन लाख रुपये जमवले आहेत. युगांडातल्या एका गटाच्या पेटीत ते भर म्हणून घालायचे आहेत. (वसई)

पेटीत घालू नका. स्वतःच्या बचतीतून कर्ज घेणारी बाई शेजारणीचे पैसे बुडवायला कचरते. बाहेरून आलेला पैसा दान समजला जातो, पहिली एक जण थकते, मग दुसरीला भरावंसं वाटत नाही, आणि वाटपाच्या दिवशी सगळ्यांनाच शेअरमागे कमी पैसे मिळतात. शिवाय पाहुण्यांच्या पैशाचा वास लागला की नव्या सभासद येतात त्या कर्जासाठीच.

तो पैसा प्रशिक्षिकेच्या मानधनावर, प्रवासावर, पेट्या-पासबुकांवर खर्च करा. पहिल्या वर्षी तिने सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग हळूहळू अंतर वाढवत बैठकांना बसायला हवं. तिथल्या फादरांना तीन गोष्टी आधीच पत्राने विचारून घ्या : किल्ली त्यांच्याकडे किंवा त्यांच्या घरच्या कुणाकडे नाही ना, वाटपाच्या दिवशी चर्चसाठी वर्गणी गोळा होत नाही ना, आणि दुसऱ्या पंथाच्या बाईला गटात घेतात का. पहिल्या दोन्हींत गडबड असेल तर बायका मोठी रक्कम पेटीत ठेवतच नाहीत, पाच शेअर परवडत असूनही एकच घेतात.

मंडळ नोंदणीकृत न्यास असेल तर पैसे पाठवण्याआधी सीएला गाठा. भारताबाहेर केलेल्या खर्चावर न्यासाला प्राप्तिकराची सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते.