नोकरी सांभाळून घरच्या घरी, एकट्याने स्वतःचे कार्टून बनवता येते का? सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की टीव्हीवरील कार्टूनची आवड लहानपणापासून आहे, चित्रकला मात्र जेमतेम आहे आणि वेळ रात्रीचा व रविवारचाच मिळतो. अशा माणसाला स्वतःचे कार्टून करणे जमेल का? मी व्यवसायाने ॲनिमेटर नाही. दिवसा हिशेबाचे काम करतो आणि उरलेल्या वेळात कित्येक वर्षांपासून मराठीत एक-दोन मिनिटांची कार्टून बनवतो. त्या अनुभवावरून सांगतो की हे नक्की जमेल, आणि आपली टीव्हीची आवड हीच त्यासाठीची मोठी पूर्वतयारी आहे, कारण टीव्हीवरचे कार्टून हा प्रकारच मुळात तुटपुंजा पैसा आणि तुटपुंजा वेळ यांच्या अडचणीतून घडला. आपल्यासमोर आज जी अडचण आहे, तीच त्या लोकांसमोर होती. त्यांनी ती कशी सोडवली हे नीट पाहिले, तर निम्मे शिक्षण घरबसल्या होते.

आधी हिशेब मांडतो. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 फ्रेम (एकामागून एक दिसणाऱ्या स्थिर चौकटी) असतात, म्हणजे एका मिनिटाला 1440. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, त्यामुळे मिनिटाला 720 चित्रे लागतात. तेच चित्र तीन फ्रेम टिकवले तर 480. हा आकडा पाहून अनेक जण पहिल्याच आठवड्यात वही मिटतात. परंतु टीव्हीसाठी काम करणाऱ्यांनी हा आकडा कधीच निमूटपणे स्वीकारला नाही. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी 1940 पासून एमजीएम या चित्रपटसंस्थेत ‘टॉम अँड जेरी’चे लघुपट केले, त्यांतील सात लघुपटांना ऑस्कर मिळाले, आणि तरीही 1957 मध्ये संस्थेने तो विभाग बंद केला. चित्रपटगृहासाठी सात मिनिटांचे काम करणारी ही माणसे मग टीव्हीकडे वळली. तेथे दर आठवड्याला नवा भाग द्यायचा होता आणि पैसे पूर्वीच्या मानाने फारच थोडे होते. त्यांनी प्रत्येक दृश्यात एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: यातले काय हलवल्यावाचून चालेल?

त्या प्रश्नाची उत्तरे आपण लहानपणी पाहिलेली आहेत, फक्त ती उत्तरे आहेत हे तेव्हा कळत नव्हते. योगी बेअर या अस्वलाच्या अंगात कपडे नाहीत, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे. तो केवळ शोभेसाठी नाही. कॉलरमुळे मान आणि धड यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ मिळते, त्यामुळे धड तसेच ठेवून फक्त डोके नव्याने काढता येते आणि जोड दिसत नाही. ‘द फ्लिंटस्टोन्स’ किंवा ‘स्कूबी डू’मध्ये पात्रे धावू लागली की मागचे तेच घर, तेच झाड पुन्हा पुन्हा येते, कारण पार्श्वभूमीची एकच लांब पट्टी फिरत असते आणि पायांच्या मोजक्या चित्रांचे चक्र तिच्यावर चालू राहते. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेलच. दगडांच्या भिंतीतील एखादाच दगड इतरांहून सपाट आणि उजळ रंगाचा दिसे, आणि तोच हलणार हे आपण आधीच ओळखत असू. याचे कारण असे की पार्श्वभूमी कागदावर जलरंगासारख्या छटांनी रंगवलेली असे, तर हलणारी वस्तू पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर एकसारख्या रंगाने भरलेली असे. ही खूण ज्या मुलाला दिसली, त्याला ॲनिमेशनमधील लेअरची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्रांच्या थरांची कल्पना कोणी न शिकवता समजली, असे मी मानतो.

जपानमध्येही हेच घडले. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका 1 जानेवारी 1963 पासून दर आठवड्याला अर्ध्या तासाच्या भागांत सुरू झाली, आणि ते वेळापत्रक पाळण्यासाठी एक चित्र तीन फ्रेम टिकवणे, काढलेली चित्रे जपून ठेवून दुसऱ्या भागात पुन्हा वापरणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवणे हे उपाय त्यांनी हक्काने वापरले. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी आपण ज्या मोगलीसाठी टीव्हीपुढे बसत होतो, ती 1989 ची निप्पॉन ॲनिमेशनची मालिकाही याच परंपरेतली. बोलताना फक्त तोंड हलते, ऐकणारे पात्र अधूनमधून डोळे मिटते, आणि तरीही त्या जंगलावर आपला पूर्ण विश्वास बसत असे.

आपल्याकडचे उदाहरण मला याहूनही जवळचे वाटते. फिल्म्स डिव्हिजनने 1974 मध्ये काढलेला ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट दूरदर्शनवर इतक्या वेळा दाखवला गेला की एका पिढीला तो पाठ आहे. विजया मुळे यांचे दिग्दर्शन, भीमसैन यांचे ॲनिमेशन आणि वसंत देसाई यांचे संगीत. त्यातील आकृत्या अगदी साध्या आहेत, परंतु एक चिमणी आणि अनेक चिमण्या यांतला फरक डोळ्यांना दाखवण्याची कल्पना इतकी नेमकी आहे की अधिक रेखीव चित्रांची उणीव कोणालाही भासत नाही. चित्रकला जेमतेम असल्याची काळजी आपण व्यक्त केली आहे, म्हणून हा लघुपट पुन्हा एकदा, आवाज बंद करून पाहावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पाहण्याची ही सवय हाच माझ्या मते पहिला अभ्यास. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’ची कळ दाबली की चित्र एक-एक फ्रेम पुढे सरकते. आवडत्या कार्टूनमधील पाच सेकंदांचा तुकडा घ्यावा आणि किती फ्रेमनंतर चित्र बदलते, कोणता भाग बदलतो, कोणता तसाच राहतो, हे वहीत लिहून काढावे. एखादे पात्र उडी मारण्यापूर्वी किती वेळ खाली दबते, दचकल्यावर ते किती वेळ स्तब्ध राहते, डोळे मिटून उघडायला किती फ्रेम लागतात, याची नोंद ठेवली की टायमिंग म्हणजे काय हे हळूहळू अंगवळणी पडते. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 मध्ये ॲनिमेशनची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. ती वाचावीतच, पण आपल्या नोंदवहीत त्यांतील निम्मी आपल्याला स्वतःला सापडलेली असतील, आणि त्या सापडण्याचा आनंद वेगळाच असतो.

आता स्वतःच्या गोष्टीविषयी. सुरुवातीला टीव्हीवरची पात्रे सरावासाठी काढायला हरकत नाही, मात्र लोकांना दाखवायचे कार्टून आपल्याच पात्रांचे असावे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य आहेच, शिवाय आपली पात्रे आपल्या कुवतीप्रमाणे घडवता येतात. मी नवशिक्याला नेहमी चिऊ-काऊची गोष्ट सुचवतो, आणि माझे स्वतःचे सर्वांत समाधान देणारे कामही तेच आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, आणि तो चिमणीचे दार वाजवत राहतो. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.” मग पुन्हा दार, पुन्हा उत्तर: “थांब, बाळाला तीट लावते.” आजीच्या तोंडून ऐकताना मुलाला ज्या पुनरावृत्तीची गोडी लागते, तीच पुनरावृत्ती ॲनिमेटरची अर्धी मेहनत वाचवते. दारापुढच्या कावळ्याचे दृश्य एकदाच रचायचे. दार ठोठावण्याच्या चार चित्रांचे चक्र एकदाच काढायचे. पाऊस वेगळ्या लेअरवर ठेवायचा, आठ-दहा चित्रांत तो पुरा होतो आणि मग कितीही वेळ पडत राहतो.

परंतु तेच दृश्य जसेच्या तसे परत आले तर प्रेक्षक कंटाळतो, म्हणून दर फेरीत एकच गोष्ट बदलावी. पहिल्यांदा कावळा ताठ उभा असतो. दुसऱ्यांदा त्याची पिसे चिकटून अंग बारीक दिसते. तिसऱ्यांदा पायाशी पाणी साचलेले असते आणि ठोठावणे मंदावते. त्यासाठी नवे चित्र काढावे लागत नाही, तीच चार चित्रे जास्त फ्रेम टिकवली की पुरते. चिमणीच्या बाजूला तर बोलताना फक्त चोच आणि एक पंख हलवला तरी चालतो. अशी वाचवलेली सगळी मेहनत मी एका ठिकाणी ओतली: शेणाचे घर वाहून जाते तो प्रसंग. तेथे प्रत्येक चित्र नवे आहे, भिंत आधी फुगते, मग खचते, मग काडीकचऱ्यासह पाण्यात पसरते, आणि गोष्टीचे सारे दुःख त्या काही सेकंदांत असल्यामुळे तेथे काटकसर करणे मला गोष्टीवर अन्याय करण्यासारखे वाटले. मर्यादित ॲनिमेशनचा, म्हणजे मोजकेच हलवून भागवण्याच्या या पद्धतीचा खरा अर्थ मी असा समजतो की पैशांची वा वेळेची पुंजी सगळीकडे सारखी वाटायची नाही.

पात्र माणसाचे असेल तर ओठांचा प्रश्न येतो, आणि येथे मराठी माणसाला एक सोय आयती मिळालेली आहे. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार लावलेली असल्यामुळे तोंडाच्या आकृत्यांचा तक्ता जवळजवळ तयारच असतो. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटतात. त, थ, द, ध, न, ल यांना तोंड किंचित उघडे आणि जीभ दातांशी दिसते. क-वर्ग, ट-वर्ग आणि ळ यांचे काम तोंडाच्या आत चालते, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी आकृती लागत नाही, शेजारच्या स्वराचीच पुरते. आ साठी मोठे उघडे तोंड, इ आणि ए साठी रुंद ताणलेले, उ आणि ओ साठी गोल. एवढ्या पाच-सहा आकृत्यांत मराठीतील कोणताही संवाद बसतो. यात ओठ मिटण्याची आकृती कधीही गाळू नये. ‘बाबा’ किंवा ‘पोपट’ म्हणताना ओठ मिटले नाहीत तर बाकी सारे अचूक असूनही आवाज दुसऱ्याचा वाटतो. ती निदान दोन फ्रेम टिकवावी.

यावरून हेही लक्षात येईल की आवाज आधी आणि चित्र नंतर. संवाद ध्वनिमुद्रित करून घ्यावा, कोणता वर्ण कितव्या फ्रेमवर येतो ते लिहून काढावे आणि मगच तोंड काढायला बसावे. ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल पुरतो. खोलीतला घुमारा टाळण्यासाठी मी खिडक्या बंद करून डोक्यावरून गोधडी घेतो. तत्पूर्वी संपूर्ण गोष्टीची लहान चौकटींतील रेखाटने करून ती आवाजावर बसवून पाहावीत. हे ॲनिमॅटिक कंटाळवाणे वाटले तर पुढची शेकडो चित्रे त्याला वाचवू शकत नाहीत, म्हणून माझा बराच वेळ याच टप्प्यावर जातो.

साधनांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची चिंता गरजेपेक्षा जास्त केली जाते. पेन्सिल2डी हे मोफत आणि सोपे सॉफ्टवेअर सुरुवातीला उत्तम. क्रिटा आणि ओपनटूंझ हीही मोफत आहेत. ब्लेंडरमध्ये ग्रीस पेन्सिल नावाची सोय असून तिने द्विमितीय कार्टून करता येते. गिंट्स झिल्बालोडिस या लॅट्वियाच्या दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ या त्रिमितीय चित्रपटाला 2025 मध्ये ऑस्कर मिळाले, तोही ब्लेंडरवरच बनला आहे, आणि त्याच्या आधीचा ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट तर त्यांनी एकट्याने केला होता. संगणक नसेल तर फ्लिपाक्लिप हे ॲप मोबाइलवर चालते. कोणतेही साधन घेतले तरी त्यात ओनियन स्किनची, म्हणजे मागचे चित्र पुसट दिसण्याची सोय चालू ठेवावी. दोन चित्रांमधील हालचाल सॉफ्टवेअरकडून आपोआप भरून घेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तशा हालचालीला वजन नसते आणि पात्र पाण्यात तरंगल्यासारखे दिसते.

ज्यांना अजिबात चित्र काढायचे नाही, त्यांच्यासाठी वस्तू हलवून फोटो घेण्याचा मार्ग आहे, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे: दादासाहेब फाळके यांनी 1915 मध्ये काड्यापेटीतील काड्या घेऊन ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला होता. तो आज पाहायला मिळत नाही, परंतु मोबाइल एका जागी घट्ट बसवून आणि खिडकीतला बदलता उजेड पडद्याने अडवून आपण त्याच पद्धतीने आज रात्रीसुद्धा काम सुरू करू शकता.

चित्रे काढणार असाल तर पहिल्या महिन्यात उसळणारा चेंडू, वळणारे डोके, डोळ्यांची उघडझाप आणि चालण्याचे एक चक्र एवढेच करावे. त्यानंतर तीस सेकंदांची, दोन पात्रांची, एकाच जागी घडणारी गोष्ट घ्यावी. तीन फ्रेमला एक चित्र या हिशेबाने तिची चित्रे 240 होतात. त्यांतील स्थिर क्षण आणि पुन्हा वापरायची चक्रे वजा केली की नव्याने काढायची चित्रे शंभराच्या आसपास उरतात, आणि रोज रात्री चार चित्रे काढली तरी महिन्याभरात ती पूर्ण होतात.