थापांचे शब्द आणि शब्दांच्या थापा

प्रश्न: खोटेपणाला इंग्रजीत हम्बग म्हणतात तो शब्द म्हणे जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आला, नेपोलियनच्या लढायांच्या वेळी तिथून खोट्या बातम्या सुटायच्या म्हणून. असं एक फॉरवर्ड आलं होतं. खरंय का हे? आणि ठगाला कॉनमॅन म्हणतात, त्यातला कॉन म्हणजे नक्की काय हो?

उत्तर: लोणकढी थाप आहे ती, आणि तीही थापेच्याच शब्दाबद्दल, कमाल आहे! हम्बग हा शब्द १७५० च्या सुमारास इंग्लंडात पोरासोरांच्या टवाळीच्या भाषेत फिरत होता आणि नेपोलियन जन्मलाच १७६९ ला, मग बसतंय का गणित? मूळ कुठलं ते कोशवाल्यांनाही सापडलेलं नाही, म्हणून तर अशा गोष्टी रचायला मोकळं रान मिळतं. पुढे अमेरिकेतला तमाशे दाखवणारा बार्नम तर स्वतःला हम्बगांचा राजपुत्र म्हणवून मिरवायचा.

कॉनची गोष्ट मात्र अस्सल आहे. कॉन म्हणजे कॉन्फिडन्स, विश्वास. १८४९ ला न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा एक टापटीप माणूस रस्त्यात अनोळखी लोकांना गाठायचा, जुनी ओळख असल्यासारखा गप्पा मारायचा आणि मग हळूच विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर? आणि लोक देत होते की! नाही म्हणायची लाज वाटत असणार, दुसरं काय. शेवटी असाच एक फसलेला माणूस त्याला रस्त्यात दिसला, त्याने ओळखलं आणि पोलिसांच्या हवाली केलं, मग तिथल्या पेपरांनी त्याला कॉन्फिडन्स मॅन म्हणून गाजवला, त्याचंच आखूड होऊन कॉनमॅन.

बंकम म्हणजे पोकळ बडबड, या शब्दालाही असाच पत्ता आहे, तोही अगदी नकाशावरचा. १८२० ला अमेरिकन काँग्रेसमध्ये मिसुरीला राज्याचा दर्जा द्यायचा की नाही यावर वाद चालला होता, लोक कंटाळलेले, मतदान घ्या म्हणत होते, तेवढ्यात नॉर्थ कॅरोलिनाचे फेलिक्स वॉकर उठले आणि बोलतच सुटले. सगळे म्हणाले बसा आता, तर हे म्हणतात मी तुमच्यासाठी नाही, बंकमसाठी बोलतोय! बंकम म्हणजे त्यांच्या मतदारसंघातला जिल्हा. तेव्हापासून पोकळ बडबडीला बंकम, पुढे नुसतं बंक, आणि त्यावरून १९२३ ला निघालेलं डिबंक, म्हणजे थाप उघडी पाडणं, तर आज रोज वापरतो आपण.

लंडनच्या पूर्व भागातल्या कष्टकरी कॉकनी लोकांची तर वेगळीच गंमत. त्यांना लाय, म्हणजे खोटं, असं सरळ म्हणायचं नसतं, मग त्याला यमक जुळवून पोर्की पाय (पाय म्हणजे इंग्रजी pie, खायचा पदार्थ) म्हणायचं आणि नंतर तो पाय शब्दही गाळून टाकायचा. उरतं पोर्की, म्हणजे बाहेरच्याला पत्ताच लागू नये.

अजून एक भारी शब्द, हूडविंक, म्हणजे फसवणं. हूड म्हणजे डोकं झाकायचं टोपडं आणि विंकचा जुना अर्थ डोळे मिटणं, सोळाव्या शतकात खरोखरच्या डोळे बांधण्याला म्हणायचे हे, फसवणूक मागून आली. आपलं टोपी घालणं आठवलं ना लगेच? आठवू दे, पण दोन्हींचं नातं जोडून नवं फॉरवर्ड नका काढू प्लीज.