फायरफॉक्समधे एकाच एक्स्टेंशनचं अपडेट थांबवायचंय? हे एवढं वाचा

अरे नवीन आहेस म्हणून मोजकंच सांगतो, काम खरंच सोप्पंय. कंट्रोल शिफ्ट ए दाबलंस की एक्स्टेंशन्सची यादी उघडते, त्यात हवं त्याच्या नावावर क्लिक कर, खाली 'अलाऊ ऑटोमॅटिक अपडेट्स' दिसेल, तिथे ऑफ कर. बास. डीफॉल्टवर ठेवू नकोस, डीफॉल्ट म्हणजे यादीच्या वरच्या गिअरमधे (दातेरी चाकाचं चिन्ह) सगळ्यांसाठी जे सेटिंग असेल तेच लागू होतं.

नवीन लोक हमखास गडबडतात ते इथे:

- गिअरमधून सगळ्यांचंच ऑटो अपडेट बंद करतात. तिथे हात लावू नकोस, बाकीच्यांना सिक्युरिटीचे फिक्सेस मिळायलाच हवेत.
- नवीन अपडेटने काही बिघडलं म्हणून जुनं व्हर्जन टाकतात आणि ऑटोमॅटिक अपडेट ऑफ करायचं विसरतात, मग ते गुपचूप परत नवीन होतं आणि म्हणतात हे चालतच नाही. जुनी व्हर्जन्स मोझिलाच्या अ‍ॅडऑन साइटवर त्याच एक्स्टेंशनच्या पानावर मिळतात, 'सी ऑल व्हर्जन्स' मधे.
- जुनं व्हर्जन टाकायच्या आधी एक्स्टेंशन रिमूव्ह करतात, त्यात सेव्ह केलेला डेटा उडतो. एक्सपोर्टची सोय असेल तर पहिल्यांदा ते कर.

पासवर्ड मॅनेजरचं अपडेट मात्र अडवू नकोस प्लीज, तिथे जुनं व्हर्जन म्हणजे उघडी भोकं. आणि अधूनमधून गिअरमधून 'चेक फॉर अपडेट्स' करून नवीन व्हर्जनची रिलीज नोट वाच, तुझा प्रॉब्लेम सुटला असेल तर घे अपडेट.

क्रोममधे असं एकेकट्याचं बटण नाहीच, त्याची वाट वेगळी आहे, ती आत्ता नको. आधी हे करून बघ, अडलास तर विचार बिनधास्त.