फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन लोक. त्यांच्या लिपीत स्वर नव्हते, मग ती लिपी घेताना ग्रीकांनी ते कुठून आणले?

बहुतांश स्वरांसाठी नवी अक्षरं घडवली नाहीत. फिनिशियनमधल्या ज्या व्यंजनांचे उच्चार ग्रीकमध्ये नव्हते, ती अक्षरं स्वरांच्या कामाला लावली.

'आलेफ' घ्या. तो 'अ' नव्हे. 'अं-अं' करून नकार देताना घशात आवाज क्षणभर अडतो ना, ते व्यंजन म्हणजे आलेफ. ग्रीक कानाला तो अडसर जाणवला नसावा, उरला पुढचा 'आ', म्हणून अल्फा. 'आयिन' म्हणजे डोळा, आकार गोल. तो गोल तसाच राहिला आणि 'ओ' झाला. 'हे' या अक्षराचा एप्सिलॉन ('ए') झाला, 'योद'चा आयोटा ('इ'). 'वाव'चे तर दोन झाले: एक 'व', दुसरा 'उ'.

फिनिशियनांचं २२ व्यंजनांवर भागलं, कारण सेमिटिक भाषांत (फिनिशियन, हिब्रू, अरबी या कुळातल्या) धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, बहुधा तीन व्यंजनांचा असतो. म्-ल्-क् म्हणजे 'राजा' की 'राज्य केलं', हे वाक्यावरून कळे. बिब्लॉस या फिनिशियन शहराच्या अहिराम राजाच्या शवपेटीवरचा लेख याच पद्धतीचा, उजवीकडून डावीकडे.

मराठीत हे धातू लिहिताना हलन्त जरूर द्या. 'मलक' लिहिलंत की मुळात नसलेला 'अ' आपण घुसवतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.