पहिल्यांदाच मुलांसमोर उभा राहणार आहेस ना?

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात विज्ञान दिनाला शाळांची मुलं येतात, तेव्हा सुरुवात 'सिंक्रोट्रॉन' (इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश मिळवणारं यंत्र) या शब्दाने करू नकोस. आधी प्रयोग दाखव.

प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ बारीक भोक पाड, पाणी भर आणि भोकाच्या विरुद्ध बाजूने, पाण्यातून लेझर सरळ भोकावर धर. धार वाकते, तसा प्रकाशही तिच्यासोबत वाकतो आणि खाली धरलेल्या तळहातावर लाल ठिपका उतरतो. तो हात मुलाचाच असू दे, तुझा नको! खोलीत अंधार हवा. लेझर मात्र मुलांच्या हाती अजिबात देऊ नकोस, डोळ्यांचा प्रश्न आहे.

मग इंडस-2 कडे, म्हणजे केंद्रातल्या सिंक्रोट्रॉनकडे वळ. घेर 172.5 मीटर, इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 17 लाख फेऱ्या मारतात आणि चुंबकाने वळवले की प्रकाश फेकतात. पाण्यात प्रकाश वळतो, इथे इलेक्ट्रॉन वळतात. हा फरक नीट सांग, नाहीतर मुलं चुकीचं घेऊन घरी जातात.

बोलायचं हिंदीत, पण एखादं मूल मराठीत विचारेल, त्याला मराठीतच उत्तर दे. आणि मागच्या रांगेतल्या गप्प मुलीला बाटली धरायला बोलाव.