वाचक विचारतात : गेममधले मध्ययुग आणि पुस्तकातले

मध्ययुगावर बेतलेल्या स्ट्रॅटेजी गेमविषयी पालक, विद्यार्थी आणि शिक्षक यांची पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळच्या सदरात.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळतो आणि जेवताना वॉलेस, बार्बारोसा, एल सिद यांच्या गोष्टी ऐकवतो. त्यातले खरे किती मानायचे? (एक पालक, नाशिक)

नावे, ठिकाणे आणि कोण कोणाचा शत्रू, हे बहुतेक खरे असते. घोटाळा होतो तो शेवटात.

स्कॉटलंडसाठी इंग्रजांशी लढलेल्या विल्यम वॉलेसची मोहीम नवशिक्यांसाठी आहे. तिची शेवटची लढाई फॉलकर्कची, आणि ती खेळाडू जिंकतो. प्रत्यक्षात २२ जुलै १२९८ रोजी फॉलकर्कला वॉलेस सपशेल हरला. त्याचे भालाईत दाट रिंगण करून उभे राहत. घोडदळापुढे ही रचना टिकली, पण इंग्रज धनुर्धाऱ्यांपुढे ती उभे लक्ष्य ठरली. वॉलेसने जिंकलेली लढाई आदल्या वर्षीची, ११ सप्टेंबर १२९७ ची, स्टर्लिंगच्या पुलावरची. १३०५ मध्ये लंडनला त्याला देहदंड झाला. शिकाऊ खेळाडूचा शेवट पराभवाने करायचा नाही, म्हणून इतिहास उलटा केला, एवढेच त्यामागचे कारण दिसते.

अकराव्या शतकातला स्पॅनिश सरदार एल सिद याच्या मोहिमेच्या शेवटच्या भागात त्याचे प्रेत घोड्यावर बसवून सैन्याला धीर देतात. हा गेमवाल्यांचा शोध नाही, स्पेनमधली जुनी दंतकथा आहे. एल सिद १०९९ मध्ये वारला आणि त्याची पत्नी हिमेना हिने व्हॅलेन्सिया ११०२ पर्यंत राखले. खरे तर हीच हकिगत जास्त सांगण्यासारखी आहे, पण गेमने तिच्याकडे पाठ फिरवली.

जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धावर निघालेला जर्मन सम्राट बार्बारोसा, त्याचे प्रकरण अर्धे खरे आहे. १० जून ११९० रोजी आजच्या तुर्कस्तानात सालेफ नदीत तो बुडाला. मृतदेह व्हिनेगरमध्ये टिकवायचा प्रयत्न झाला आणि फसला. गेममध्ये मात्र त्याचे पिंप थेट जेरुसलेमला पोहोचवायचे असते. तिथपर्यंत तो कधीच पोहोचला नाही.

उलटही घडते. गेममधल्या ब्रिटन संस्कृतीचे 'वॉरवुल्फ' हे तंत्रज्ञान ऐकायला बनावट वाटते, पण १३०४ मध्ये स्टर्लिंगच्या वेढ्यात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने याच नावाचे प्रचंड गोफणयंत्र बांधून घेतले होते. किल्ला शरण यायला तयार झाला, तरी यंत्र चालवून पाहिल्याशिवाय राजाने शरणागती स्वीकारली नाही.

तेव्हा मुलाला "हे खोटे आहे" असे सांगू नका. प्रत्येक मोहीम संपली की एकच विचारा : इथे गेमने निकाल बदलला, दंतकथा घेतली, की खऱ्या घटनेला शेपूट जोडले? उत्तर शोधायला त्याला पुस्तक उघडावेच लागते.

प्रश्न : गेममुळे उत्सुकता वाटते, पण पुढे काय वाचायचे आणि कसे, ते कळत नाही. दोन वेळा जाड पुस्तक आणले, चाळीस पानांत थांबलो. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

चूक पुस्तकाच्या आकारात आहे. इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाचा (१३३७ ते १४५३) सलग इतिहास पहिल्याच फटक्यात पचत नाही, कारण गेमने तुम्हाला त्यातली दोन-तीन वर्षेच दाखवलेली असतात. तेवढ्याच वर्षांपासून सुरुवात करा. 'एज ऑफ एम्पायर्स २' मधली, फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या जोन ऑफ आर्कची मोहीम यासाठी सर्वांत सोयीची आहे. सहा भाग आहेत आणि मूळ कागदपत्रेही मुबलक आहेत.

वहीच्या पानावर चार रकाने आखा : गेममध्ये काय झाले, प्रत्यक्ष तारीख आणि ठिकाण, हे कोणी लिहून ठेवले, आणि उरलेला प्रश्न. पहिल्या भागात जोनला शिनोंला पोहोचवायचे असते : १४२९ चा हिवाळा संपतानाची ही गोष्ट. दुसऱ्यात ऑर्लेआं : ८ मे १४२९ रोजी इंग्रजांनी वेढा उठवला. फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याचा राज्याभिषेक रॅंसला १७ जुलैला. पॅरिसवरचा हल्ला ८ सप्टेंबरला फसला, जोनच्या मांडीत बाण लागला. सहावा भाग कास्तियोंच्या लढाईचा, १७ जुलै १४५३ चा, आणि इथे चौथा रकाना भरायला लागतो. जोनला ३० मे १४३१ रोजी रुआंमध्ये जाळले. मग तिच्या मोहिमेत बावीस वर्षांनंतरची लढाई कशासाठी? आणि त्या लढाईत तोफा एवढ्या महत्त्वाच्या का?

तिसरा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात आणि तिथेच अभ्यास थांबतो. जोनविषयी दोन न्यायालयीन दप्तरे आहेत. एक १४३१ च्या खटल्याचे, इंग्रजांच्या बाजूच्या बिशपने चालवलेल्या. दुसरे १४५५-५६ च्या फेरचौकशीचे, ज्यात ११५ जणांच्या साक्षी झाल्या. पहिल्यात ती पाखंडी ठरावी अशी इच्छा होती. दुसऱ्यापर्यंत चार्ल्स युद्ध जिंकला होता आणि पाखंडी बाईच्या मदतीने मुकुट मिळाला हा डाग त्याला पुसायचा होता. दोन्हींतली पाच-पाच पाने शेजारी ठेवून वाचा. इंग्रजी भाषांतरे नेटवर मोफत मिळतात, फोर्डम विद्यापीठाच्या मध्ययुगीन साधनांच्या संग्रहापासून सुरुवात करता येईल. जाड पुस्तक त्यानंतर उघडा, तेही अनुक्रमणिकेतून हवे ते प्रकरण काढून.

एक धोका : विकिपीडियावर एका दुव्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत दोन तास जातात आणि हाती काही उरत नाही. एका बैठकीला एकच प्रश्न, आणि त्याचे उत्तर वहीत दोन ओळींत. तेवढे झाले की उठा.

प्रश्न : 'क्रुसेडर किंग्ज ३' मध्ये राजा मेला की माझे राज्य मुलांत फुटते. दर पिढीला पुन्हा पहिल्यापासून. खरेच असे होते का? की खेळ अवघड करायला केलेली युक्ती आहे? (एक वाचक, पुणे)

दोन्ही. गेमच्या सुरुवातीला बहुतेक राजांना 'कन्फेडरेट पार्टिशन' हा वारसा-नियम असतो. त्यात मुलग्यांना वाटा मिळतो आणि धाकट्यांसाठी नव्या पदव्याही तयार होतात. दोन राज्ये जिंकलेला राजा मेला की धाकटा दुसरे राज्य घेऊन स्वतंत्र होतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. थोरल्यालाच सगळे देणारा नियम उशिराच्या मध्ययुगातल्या शोधाशिवाय उघडत नाही.

आता १५ सप्टेंबर १०६६ ची सुरुवात निवडा आणि त्याच साली इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा विल्यम घ्या. खरा विल्यम १०८७ मध्ये वारला तेव्हा थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी मिळाली, मधल्या विल्यम रूफसला इंग्लंड, धाकट्या हेन्रीला नुसती रोकड. म्हणजे फूट पडली, पण गेमच्या हिशेबाने नाही. बापजाद्यांची जमीन थोरल्याला आणि स्वतः जिंकलेली मर्जीप्रमाणे दुसऱ्याला, असा संकेत होता. त्यातून जी अडचण आली ती गेम फारशी दाखवत नाही : ज्या सरदारांच्या जमिनी समुद्राच्या दोन्ही बाजूंना होत्या त्यांना एकाच वेळी दोन भावांची चाकरी करावी लागली. १०८८ चे बंड यातूनच उठले. शेवटी रोकडवाल्या हेन्रीने ११०६ मध्ये तिन्शब्रे येथे रॉबर्टला पकडले आणि मरेपर्यंत, म्हणजे ११३४ पर्यंत, कैदेत ठेवले.

याच सालात नकाशा खाली सरकवून दख्खनवर आणा. कल्याणीला (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा पहिला सोमेश्वर आहे. त्याने १०६८ मध्ये तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. गादीवर थोरला दुसरा सोमेश्वर आला आणि १०७६ मध्ये धाकट्या सहाव्या विक्रमादित्याने त्याला हटवून स्वतःचा शकही सुरू केला. इथे वाटणीचा नियम शोधायला जाल तर फसाल. निर्णय झाला तो सामंत कोणाकडे वळले यावर. सेउणदेशाचे यादव विक्रमादित्याच्या बाजूला होते. पुढे देवगिरीचे म्हणून आपण ओळखतो तेच हे घराणे.

ही भाऊबंदकी आपल्याला मुख्यतः कोणाकडून कळते? विक्रमादित्याच्याच दरबारातला कवी बिल्हण याच्याकडून. त्याच्या काव्यात थोरला भाऊ दुष्ट आहे आणि वडिलांना धाकट्यालाच राज्य द्यायचे होते. जिंकलेल्याच्या पगारावरचा कवी दुसरे काय लिहिणार? गेममध्ये कारण नसताना भावाला कैद केले की 'जुलूम' वाढतो आणि सामंत नाराज होतात. त्या नाराजीवर खऱ्या राजांकडे काय उपाय होता, ते बिल्हण वाचताना दिसते.

प्रश्न : यादव किंवा बहमनी काळावर गेममधून काही हाती लागते का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

बहमनींवर लागते. 'युरोपा युनिव्हर्सलिस ४' ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो आणि नकाशावर बिदरचे बहमनी आणि विजयनगर एकमेकांना भिडलेले दिसतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १४४३ मध्ये, इराण-मध्य आशियातल्या तैमूरी दरबाराचा वकील अब्दुर रझाक विजयनगरात होता. त्याचे वर्णन हाताशी ठेवून पहिला तास खेळा.

घोडदळ उभारताना गेममध्ये फक्त पैसे आणि मनुष्यबळ लागते. घोडे कुठून आले, हे विचारा. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, म्हणून ते अरबस्तान-इराणहून जहाजाने चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला तोही विकायचा घोडा घेऊनच. जुन्नरच्या सुभेदाराने तो हिसकावला आणि धर्म बदलशील तर देतो म्हणाला. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. बहमनी वजीर महमूद गावानने १४७२ मध्ये गोवा घेतला, त्याचा अर्थ या घोड्यांच्या वाटेवर बोट ठेवले की लगेच लागतो.

यादवांविषयी गेमचा उपयोग वेगळा आहे : तो कुठे कमी पडतो ते पाहायचे. 'एज ऑफ एम्पायर्स' मधल्या किल्ल्याला भूक लागत नाही. तो पडतो तो फक्त मारा करून फोडल्यावर. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीला वेढा घातला तेव्हा तासलेला कडा फोडावा लागलाच नाही. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते आणि गडावर पुरेसा शिधा नव्हता. धान्य म्हणून वर नेलेल्या पोत्यांत मीठ निघाले, ही प्रसिद्ध गोष्ट इतिहासकार फरिश्त्याने सांगितली आहे, पण तो लिहितो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, तीनशे वर्षांनी. दिल्लीचा इतिहासकार बरनी घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी लिहितो. कोणावर किती विसंबायचे, हे ठरवून मग गडावर जा. जाताना खंदक, कडा आणि अंधारी (काळोखी भुयारी वाट) पाहाच, पण पाण्याचे हौद आणि कोठारे कुठे आहेत, तेही टिपून घ्या.

प्रश्न : 'एज ऑफ एम्पायर्स २' मधली राजेंद्र चोळाची समुद्रापारची मोहीम खरी का? आणि बंगाल्यांचे रथ? (एक वाचक, बेळगाव)

पहिली खरी. १०२५ च्या सुमारास सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावर स्वारी झाली आणि जिंकलेल्या ठिकाणांची यादी तंजावरच्या मोठ्या मंदिरातल्या तमिळ शिलालेखात कोरलेली आहे. रथांचे मात्र पटत नाही. मध्ययुगापर्यंत ते भारतीय सैन्यांतून मागे पडले होते. खेळाडूंना वेगळे युनिट हवे, म्हणून ते आले असावेत.

प्रश्न : सातवीला मध्ययुगीन भारत शिकवते. चाळीस मिनिटांच्या तासात गेम वापरता येईल का? शाळेत एकच संगणक आणि प्रोजेक्टर आहे. (एक शिक्षिका, सातारा)

येईल, पण मुलांच्या हाती माउस देऊ नका. एकाला दिला की बाकीचे डावपेच ओरडायला लागतात आणि तास संपतो. घरी खेळून दहा मिनिटांचा भाग व्हिडिओ म्हणून टिपून ठेवा. वीज किंवा परवान्याचा घोळ झाला तरी अडत नाही.

पहिली पाच मिनिटे भिंतीवरच्या नकाशावर ठिकाण. मग आवाज बंद करून दहा मिनिटे व्हिडिओ, मध्ये दोनदा थांबवून : या सैन्याला जेवण कुठून आले? जखमींचे काय झाले? पुढची पंधरा मिनिटे एकाच घटनेचे दोन छोटे उतारे, प्रत्येकी आठ-दहा ओळींचे, चार-चार मुलांच्या गटांना वाटून. देवगिरीचा वेढा यासाठी उत्तम. उरलेल्या वेळात प्रत्येक गटाने एकच वाक्य सांगायचे : गेममध्ये हे दाखवायचे असेल तर कोणता नियम बदलावा लागेल? वर्गात एखादा पट्टीचा खेळाडू असतोच. त्याला फळ्यावर नियम लिहायचे काम द्या, नाहीतर तोच तास घेईल.

प्रश्न : साध्या लॅपटॉपवर हे गेम चालतील का? आणि वयाचे काय? (एक पालक, ठाणे)

'एज ऑफ एम्पायर्स २' ची २०१९ ची आवृत्ती किमान ४ जीबी रॅमवर चालते. जास्त बारकाव्यांची चित्रे वेगळी डाउनलोड करावी लागतात, ती घेऊ नका. 'क्रुसेडर किंग्ज ३' ला ८ जीबी धरा, कारण डाव लांबला की पात्रे वाढतात आणि तो मंदावतो. त्यात खून, कारस्थाने आणि विवाहबाह्य संबंध सर्रास आहेत, म्हणून तो दहावीनंतरच. दोन्हींचे विस्तार वेगळे विकत मिळतात. मूळ गेम महिनाभर खेळून झाल्यावर, आणि सवलत असतानाच घ्या.